तात्यांचा पेला

“...मग यात कमी काय आहे, ते तरी सांगा.”

हेरंबने प्रोटीन शेकच्या पावडरीचा डबा बुवांच्या पुढ्यात ठेवला. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं, सगळं वरच छापलेलं.

आमच्या मठात प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण उत्तरही सोबतच आणतात. याने तर डबाबंद आणलं होतं.

बुवा सगळ्यांची जेवणं उरकून आत्ता कुठे टेकले होते. दुधात भाकरी कुस्करत म्हणाले, “वडिलांना देतोस?”

“हो. तात्या अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणाले, एका वेळेला शेक द्या, बाकी मऊ वरणभात, भाजी. पण भरवायला तास तास लागतो, बुवा. घरात मी एकटा, वर नोकरी. म्हणून तिन्ही वेळा शेकच सुरू केला. पाच मिनिटांत पेला रिकामा. हिशेबाने बघाल तर भातापेक्षा सरस.”

“मग अडलं कुठे?”



“आता तोंडच उघडत नाहीत... शेक नाही, भात नाही. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही घेतलं नाही तर नाकातून नळी.”

सरस वगैरे म्हणण्यातला जोर गळून पडला होता.

“दमलोय हो मी. कधी कधी त्यांचा रागसुद्धा येतो.”

“येणारच,” बुवा म्हणाले. तेही दमलेलेच होते.

हेरंबने डबा स्वतःकडे ओढला.

“म्हणजे हा डबा वाईट?”

“तो कशाला वाईट? बदलीवर आला होता बिचारा. तूच त्याला कायम केलास.”

“मग आता मी करू काय?”

बुवांनी कुस्कऱ्याचा एक घास उचलला. घास हेरंबच्या ओठांशी नेला आणि स्वतःच आ केला. आतलं बोळकं दिसलं.

हेरंबचं तोंड आपसूक उघडलं. एवढा बाप्या माणूस, पण घास खाताना डोळे भरून आले.

“तात्यांना पेला लावतोस, तेव्हा बघतोस कुठे?”

“...फोनमध्ये. ऑफिसचे मेसेज असतात.”

बुवांनी बोटं ताटलीच्या कडेला पुसली.

“तात्यांचं तोंड उघडत नाही म्हणालास. भरवताना तुझं उघडतं का?”