तांबडीची अकरा अंडी

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती भोळा, तर थोरामोठ्यांनी सांगितलेलं खरंच करायचा.

त्याचं नाव शिरपा. चौथीत असताना कुदळे गुरुजींनी त्याला सांगितलं होतं, “वर्गाबाहेर उभा राहा. मी सांगेपर्यंत आत यायचं नाही.” गुरुजी सांगायचे विसरले. शिरपा बाहेरच राहिला. झालं शिक्षण. पुढं अंगानं वाढला, पिठाच्या गिरणीत हमाल लागला. शंभर किलोचं पोतं खांद्यावर घ्यायचा आणि कुठं टाकायचं ते कोणी सांगेपर्यंत तसाच उभा राहायचा.

घरात दोघंच, शिरपा आणि त्याची यमूआत्या. आत्याच्या परड्यात पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. त्या वर्षी मुंगसानं एकेक करून सगळ्या नेल्या. राहिली एक तांबडी. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायचीच असं ठरवून हटून बसली. आत्यानं गोठ्यात टोपली ठेवली, खाली भुसा घातला, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडाचा एक खिळा खोचला आणि मोजून अकरा अंडी मांडली. उबवायला विषमच मांडायची असतात. का, ते कोणी सांगत नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आत्याला शहरातल्या दवाखान्याची तारीख आली. मोतीबिंदू.

“शिरप्या, नीट ऐक,” आत्या म्हणाली. “एकवीस दिसांनी पिल्लं निघत्यात. मी लेकीकडं ऱ्हाऊन तवाच माघारी येणार. डाक्तर काळा चष्मा देणार हाय. त्यो मी पिल्लांम्होरं काढणार, आधी न्हाई. नव्या डोळ्यांनी पयलं काय बघायचं, तर पिल्लं. ही तांबडी हुकली तर परडं मोकळं झालं म्हणायचं.”

“बरं.”

“आन् काय अडलं, तर थोरामोठ्यांना इचार. त्ये सांगतील तसं कर.”

इथं आत्या चुकली.

गावात ‘हौशी कोंबडीपालक मंडळ’ होतं. रोज सकाळी गिरणीसमोरच्या बाकावर भरायचं. मंडळात तीन थोर. एक कुदळे गुरुजी, निवृत्त. दुसरे नाना, माजी सरपंच. तिसरे बापू कंपाउंडर, जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं दार उघडायचं काम केलेले. मोबाइलवर त्यांचा गट होता. त्यावर रोज पहाटे कोंबड्याचं चित्र आणि सुप्रभात, नंतर दिवसभर सल्ले. तिघांत मिळून एक कोंबडी होती. ती मंडळाच्या स्थापनेच्या जेवणात संपली. तेव्हापासून मंडळ मार्गदर्शन करायचं.

दुसऱ्या दिवशी शिरपा बाकासमोर जाऊन उभा राहिला. “गुरुजी, बसलीय. आता म्या काय करू?”

तिघंही सरसावले. बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं.

“सोपं आहे,” गुरुजी म्हणाले. “बसलेल्याच्या अंगावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि वर दगड ठेवायचा. कुत्र्या-मांजराची भीती नाही. काय करायचं?”

“डालगं पालथं. वर दगड.”

“शाब्बास.”

शिरपा घरी गेला. बघतो तर तांबडीवर डालगं होतंच. वर दगडही होता. आत्या जाताना ठेवून गेली होती. आता सांगितलेलं काम तर शिल्लक राहिलं. थोरांचा शब्द वाया कसा घालवायचा? मेलेल्या कोंबड्यांचं एक डालगं रिकामं पडलं होतं. ते त्यानं डोक्यावर घेतलं, बगलेत दगड मारला आणि निघाला.

ओढ्याकाठी बाभळीच्या आडोशाला नाना बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या होता.

शिरपानं मागून डालगं पालथं घातलं. वर दगड ठेवला. तांब्या बाहेर राहिला.

दुपारी गुराख्यांनी नानांना सोडवलं. नाना तडक गिरणीत आले. अंगावर बांबूच्या काड्यांचे चौकोन उमटले होते.

“गाढवा! बसलेल्याला असं कोंडून ठेवतात व्हय रं?”

“गुरुजींनी सांगितलं.”

“गुरुजीला काय कळतंय! बसलेल्याला रोज एकदा उचलून भाईर काढायचं. पाय मोकळं करू द्यायचं. दाणा दाखवायचा, पाणी दाखवायचं. मग माघारी नेऊन हुतं तिथं ठेवायचं. जीव हाय त्यो, धोंडा न्हाई!”

“चुकलं नाना. आता तसं करतो.”

शिरपा धावत घरी गेला. डालगं उचललं, तर तांबडी आपणहून उठली, परड्यात गेली, दाणे टिपले, पाणी प्याली, धुळीत लोळली आणि आपल्या पायांनी परत येऊन अंड्यांवर बसली. रोज तेच करायची. शिरपाला हात लावायची वेळच येईना. आठवडा गेला. नानांनी सांगितलेलं तसंच शिल्लक.

त्या गुरुवारी बापू कंपाउंडरच्या घरी सत्यनारायण होता. बापू सोवळं नेसून पाटावर बसले होते. अर्धं गाव जमलं होतं. शिरपा प्रसादाला आला. त्यानं बघितलं, बापू बसलेत. बाजूच्या माणसाला विचारलं, “कवाधरनं बसल्यात?”

“दीड तास झाला बघ. हलंना झालाय.”

शिरपानं बापूंना पाटासकट उचललं.

अंगणात आणलं. पाय मोकळे करायला सोडलं. पायांना मुंग्या आल्यामुळं बापू गोल गोल फिरले. शिरपानं मूठभर ज्वारी त्यांच्यापुढं टाकली. हौदापाशी नेऊन मान खाली वाकवून पाणी दाखवलं. मग परत उचलून जिथं होते तिथं ठेवलं. भटजींनी पोथी थांबवली नाही. त्यांना पुढच्या गावी दुसरी पूजा होती.

“शिरप्या!” बापू आरती झाल्यावर ओरडले. आरतीपर्यंत त्यांना धाप लागली होती.

“नानांनी सांगितलं.”

“नानाचं काय ऐकतोस! मंडळाची कोंबडी त्याच्या हाती किती दिवस जगली विचार! बसलीय तिला हात लावायचा नाही. आडवं पडलंय त्याला लावायचा. अंडं एका कुशीवर पडून राहिलं की आतला जीव चिकटतो. दिवसातनं तीनदा उलटं करायचं. हळूच. या कुशीवरनं त्या कुशीवर. शास्त्र आहे.”

“आडवं असंल त्याला. तीनदा.”

“हां.”

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मंडळानं तोंड बंद करायला हवं होतं. सल्ला बंद केला, तर बाकावर बसून करायचं काय? वय झालेल्या माणसाला गावात दोनच कामं असतात. एक, आपलं ऐकत नाहीत म्हणून कुरकुरणं. दुसरं, ऐकलं की ओरडणं. शिरपामुळं दोन्ही कामं चालू होती.

शिरपा घरी आला आणि तांबडीसमोर उकिडवा बसला. तांबडी चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढत होती, फिरवत होती, कडेचं मध्ये घेत होती. दिवसातनं तीनदा काय, तीसदा. शिरपाला कुठं शिरायला जागाच नव्हती. तिनं एकदा त्याच्या बोटाला चोच मारली. तो मागं सरला.

मग त्याला दुपारी कुदळे गुरुजी दिसले. त्यांच्या उंच ओट्यावर झोपले होते. आडवे. एका कुशीवर.

शिरपानं त्यांना हळूच उलटं केलं. गुरुजी घोरत होते, घोरतच राहिले. शिरपानं थोडा वेळ थांबून परत उलटं केलं. गुरुजी म्हणाले, “गप्प बसा रे.” ते वर्गात होते. तिसऱ्यांदा उलटं केलं तेव्हा ओटा संपला होता.

चार दिवस गुरुजी कंबरेला पट्टा लावून पडून होते. शिरपा रोज भेटायला जायचा. तो आला की गुरुजींची बायको खाटेच्या दोन्ही बाजूंना उशा लावायची.

“बापूंनी सांगितलं,” शिरपा म्हणाला.

“बापू दार उघडायचा दवाखान्यात! दार!” गुरुजी कण्हत म्हणाले. “कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी परीक्षा घ्यावी, शिरपा. मी आयुष्यभर हेच शिकवलं.”

“मला न्हाई शिकवलं. मी भाईर हुतो.”

“आता ऐक मग. अंधारात न्यायचं. एका बाजूनं बॅटरी लावायची, दुसऱ्या बाजूनं बघायचं. आत लालसर उजेड दिसला, रेघा दिसल्या, काही हललं, तर जीव आहे. काहीच दिसलं नाही, तर नासकं. आणि नासकं एक जरी आत राहिलं ना, तर फुटतं आणि बाकीच्या चांगल्यांना खराब करतं. म्हणून तिथल्या तिथं उचलायचं आणि उकिरड्यावर. दया नाही दाखवायची. विचारत बसायचं नाही.”

“इचारत बसायचं न्हाई.”

“बरोबर. हीच परीक्षा.”

शिरपानं बॅटरी मिळवली. पण तांबडी काही अंड्यांवरनं हलेना. शेवटचे तीन-चार दिवस कोंबडी उठतच नाही, हे तिला ठाऊक होतं. मंडळाला ठाऊक नव्हतं. शिरपा बॅटरी खिशात घालून हिंडत राहिला.

एकविसाव्या दिवशी सकाळी गोठ्यातून चिवचिव ऐकू आली. शिरपानं आत डोकावलं. तांबडीच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. दहा वाजेपर्यंत आठ पिल्लं होती. शिरपा रडला. कोणी सांगितलं नव्हतं तरी रडला.

बातमी गिरणीत पोचली. मंडळ लगेच निघालं. मोबाइल घेतला, हार घेतला, कापडी फलक घेतला. फलकावर लिहिलं होतं, ‘मंडळाच्या मार्गदर्शनाखाली यशस्वी उबवण’. गुरुजी पट्ट्यासकट आले.

“आत्या कधी येणार?” नानांनी विचारलं.

“जीप येईलच.”

“बरं झालं. आल्या आल्या फोटो काढू.”

तिघं गोठ्यात शिरले आणि टोपलीला खेटून एका ओळीत बसले. गोठ्यात दिवसाही अंधार. नानांनी एक पिल्लू हातात घेतलं. पिल्लू ओरडलं. तांबडी पिसं फुलवून उभी राहिली. बापू म्हणाले, “पिल्लांना पहिल्या दिवशी हळद द्यायची.” नाना म्हणाले, “हळद न्हाई, ताक.” गुरुजी म्हणाले, “दोघांनाही काही कळत नाही.”

शिरपा दारात उभा होता. आत आठ जिवंत पिल्लं होती. त्यांच्या अगदी अंगाला लागून तिघं होते, आणि तिघांची अजून परीक्षा झाली नव्हती. एक जरी नासकं निघालं तर? आत्या काय बघणार?

त्यानं खिशातून बॅटरी काढली.

नानांच्या डाव्या कानाला लावली. उजव्या कानातून बघितलं. काही दिसलं नाही.

बापूंच्या कानाला लावली. काही नाही.

“फोटोसाठी उजेड धरतोय. हुशार झालाय,” बापू म्हणाले.

गुरुजींना त्यानं दोनदा बघितलं. एकदा या कानातून, एकदा त्या कानातून. चौथीपर्यंत शिकवलेलं होतं. थोडी आशा होती. पण दोन्ही बाजूंनी अंधारच.

मग शिरपानं नानांच्या हातातलं पिल्लू अलगद काढून टोपलीत ठेवलं आणि नानांना खांद्यावर घेतलं. नानांनी हात जोडले. निवडून आले होते तेव्हाही त्यांना असंच उचललं होतं. बाकीच्या दोघांना वाटलं, मिरवणूक आहे. बापूंनी टोपी नीट केली. गुरुजी म्हणाले, “मला जरा जपून, कंबर आहे.” शिरपानं एकेकाला जपूनच नेलं. परड्याच्या टोकाला, शेणाच्या उकिरड्यात, मऊ जागा बघून टाकलं. तिघंही छातीपर्यंत गेले.

तेवढ्यात जीप वाजली.

आत्या उतरली. डोळ्यांवर काळा चष्मा, हात पुढं. “शिरप्या, मला गोठ्यात ने. मदी काय दाखवू नगंस.”

शिरपानं हाताला धरून तिला टोपलीपाशी नेलं. आत्या खाली बसली. चिवचिव ऐकली. हळूच चष्मा काढला.

ती आणखी पुढं वाकली. एकेका पिल्लाला बोट लावत होती. एक काळं होतं, दोन ठिपकेदार, बाकी पिवळी. सगळी स्वच्छ दिसत होती.

“माज्या राजा,” ती म्हणाली. शिरपाला की पिल्लाला, ते कळलं नाही. मग तिनं मोजली. परत मोजली. “आठच? म्या अकरा मांडली हुती. तीन कुठं गेली?”

तीन तांबडीच्या पोटाखाली होती. एकाला आतून चीर पडत होती. पण शिरपा विचारात पडला नाही. आठ आणि तीन अकरा. चौथीतच हे येत होतं.

“तीन नासकी निघाली, आत्या.”

“नासकी? नीट बघितलंस?”

“बॅटरी लावून बघितलं. एकाला तर दोनदा. उकिरड्यावर टाकली.”

आत्याचा विश्वास बसेना. ती उठली आणि परड्याच्या टोकाला गेली. उकिरड्यात नाना होते, बापू होते, गुरुजी होते. नाना बापूंना सांगत होते की आधी डावा पाय काढायचा. बापू सांगत होते, उजवा. गुरुजी म्हणत होते, “दोघांचंही चूक आहे. माझं ऐका.”

आत्यानं नव्या डोळ्यांनी तिघांकडं नीट, एकेक करून, पाहून घेतलं. मग काळा चष्मा परत चढवला.

“चल रं घरात,” ती शिरपाला म्हणाली. “डाक्तरनं सांगितलंय, महिनाभर घाण बघायची न्हाई.”