कहाणी आधी, भाकरी मागून

फार फार पूर्वी, घाटातली सगळी मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून व्हायची तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी पाच बायकांची एक खाणावळ होती. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा, एकीला तर कुणीच नव्हतं. सगळ्यांत थोरली आत्याबाई. तिनेच या बायका गोळा केल्या आणि पहिल्याच दिवशी बजावलं, की हात पसरायचा नाही. रांधायचं, विकायचं, आणि मिळेल ते पाचीजणींनी सारखं वाटून घ्यायचं.

सोजर त्यांच्यात धाकटी. तिची दीड वर्षांची लेक तिथेच, चुलीपासून जरा लांब, झोळीत निजलेली असायची. भाकऱ्यांचं काम सोजरकडे होतं. दिरांनी घराबाहेर काढल्यापासून ही खाणावळ म्हणजेच तिचं घर. त्यामुळे तिच्या जिवाला सारखी धाकधूक. गिऱ्हाईक आलं नाही तर? चूल बंद पडली तर? लेकीला घेऊन जायचं कुठे?

त्या धास्तीपायी तिने एक सवय लावून घेतली. मिठाचे बैल हाकणारे वाटसरू जेवायला बसले, की पानात मीठ पडायच्या आधी ही आपली कर्मकहाणी सुरू करायची. आम्ही अशा निराधार, ही लेक अशी बिनबापाची.  ऐकणारा उठताना चार कवड्या जास्तच ठेवून जायचा. सोजरला वाटलं, जमलं आपल्याला.

मग हळूहळू भाकरीवरचं तिचं लक्ष उडालं. पीठ मळता मळता ती अर्ध्यातच थांबायची आणि तसंच थापायची. भाकरी जाड व्हायची, कडेला कच्ची राहायची. पण कुणी नाव ठेवेना. "छान झालीय, बाई," म्हणायचे, पान दुमडायचे आणि निघायचे.

एवढंच, की घाट चढून गेलेले परतीच्या वाटेवर थांबेनासे झाले. पुढच्या विहिरीवर बसून गाठोड्यातलं शिळंपाकं खायचे. एक दिवस आत्याबाईने सगळ्यांना बसवून सांगितलं, की असंच चाललं तर अमावास्येला चूल बंद करू, मग जिची तिची वाट तिला मोकळी. 

सोजर उष्टी पानं घेऊन मागे बांधलेल्या खाणावळीच्या शेळीकडे गेली. शेळी चांगली गुबगुबीत झाली होती. सोजर चिडून म्हणाली, "आमच्या पोटाला चिमटा, आणि तू बरी सुटलीस गं!"

शेळी म्हणाली, "मी काय करू? मी आपली पानं खाणारी. पण तुझी गिऱ्हाइकंच पानात भाकरी लपवून मला पाठवतात."

सोजरने एक पान उलगडलं. आत अर्धी भाकरी. दुसरं उलगडलं, त्यातही तेच. तिने एक तुकडा तोंडात टाकला. पिठाचा गोळा टाळूला चिकटून बसला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा मीठवाला आला, सोबत त्याचा भाऊ. दोघे इतर वाटसरूंच्या पंगतीत बसले. सोजरने वाढलं. मग छातीवर दगड ठेवून म्हणाली, "बाबा, आज कहाणी नाही सांगत. भाकरी कशी झालीय तेवढं खरं सांगा."

म्हातारा घुटमळला. "खरं सांगू? कडेला कच्ची आहे. मागल्या खेपेलाही होती. तुझं ऐकल्यावर बोलायला तोंड उघडेना, पोरी. मग म्हटलं, इथे थांबणंच नको. आज बैल दमले म्हणून थांबलो."

भाऊ म्हणाला, "आम्ही तर म्हणतो, या खाणावळीत जेवायचं तर घरून जेवून निघावं."

सगळी पंगत हसली. सोजरचे कान तापले. पण तिने त्यांच्या पानांतल्या भाकऱ्या उचलल्या आणि पुन्हा काठवटीशी बसली. पीठ मऊसूत होईस्तोवर मळलं, पातळ थापलं, निखाऱ्यावर भाकरी टम्म फुगवली. म्हाताऱ्याने वाखाणलं नाही. तिसरी मागून घेतली.

एका दिवसात काही दिवस पालटत नाहीत. अमावास्येला आत्याबाई म्हणाली, अजून पंधरा दिवस बघू. तोवर सोजर प्रत्येकाला तेच विचारू लागली होती, आणि वाटसरूंची तोंडं मोकळी झाली होती. कुणी म्हणे आमटी पाणचट, कुणी म्हणे ठेचा जहाल. एकाने तर एकाच जेवणात दोनदा भाकरी परत केली. सोजर पुटपुटायची, पण दुसरी करून द्यायची. पुढच्या उन्हाळ्यात घाट उतरून परतणारे बैलही खाणावळीशी थांबू लागले, आणि आत्याबाईने आणखी दोघी निराधार बायकांना कामावर घेतलं.

कणव माणसाला एकदा थांबवते; पुन्हा पुन्हा आणतं ते नीट केलेलं काम.