उलट दिशेचे पाणी

एकदा एक वृद्ध अध्यापक आपल्या शिष्याला घेऊन कापड रंगवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेले. उष्णतेचे शास्त्र शिकवण्यात त्यांचे आयुष्य सरले होते. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत. शिष्याला दूरदेशी नोकरी मिळाली होती. पण सरांना एकटे टाकून जायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. नकार कळवणे तेवढे बाकी होते.

व्यापाऱ्याच्या कारखान्यातले कढत सांडपाणी रोज गटारात जाई आणि नवे पाणी तापवायला बॉयलर पुन्हा धडधडे. त्यावर गुरु-शिष्यांनी एक साधन केले होते. रुंद नळीच्या आत अरुंद नळी. आतून सांडपाणी, बाहेरून स्वच्छ पाणी. दोन्ही मिसळायची नाहीत; ऊब तेवढी मधल्या पातळ पत्र्यातून पलीकडे जायची.

जोडणी करताना गुरूंनी दोन्ही पाणी एकाच टोकाकडून सोडले. शिष्य चपापला.

"सर, गार पाणी पलीकडून यायला हवं ना?"

"राहू दे. असंच बघू."

ज्यांनी हा धडा शिकवला, तेच तो विसरले होते. आता तर यांना सोडून जाणे शक्यच नाही, असे त्याला वाटले.

पाणी कोमट निघाले. व्यापाऱ्याने बोट बुडवले. "गुरुजी, यात कापड कसलं रंगतंय? कपबशीसुद्धा विसळणार नाही कुणी!"

शिष्याला ते सोसले नाही. त्याने पाना उचलला, नट सैल केले आणि गार पाणी दुसऱ्या टोकाने आत घेतले. काही वेळाने व्यापाऱ्याने पुन्हा बोट घातले आणि झटकन मागे घेतले.

"अरेच्चा! पाणी तेच, नळ्या त्याच. मग झालं काय?"

"शेठ, दोन्ही पाणी एका दिशेनं चाललं की लवकरच सारखंच कोमट होतं. पुढे कितीही बरोबर चाललं तरी देण्यासारखं काही उरत नाही. समोरासमोरून गेलं, तर गार पाण्याला वाटभर आपल्याहून ऊन पाणी भेटत राहतं. बाहेर पडताना ते जवळजवळ कढतच असतं."

व्यापारी बॉयलरवाल्याला आच कमी करायला सांगायला धावला. गुरू हळूच म्हणाले,

"मी विसरलो नव्हतो रे. तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. माझ्यासाठी तू नोकरी नाकारणार, हे मी ओळखलंय. मी आयुष्यातून निघालोय, तू आत्ता येतोयस. आपली भेट अशी समोरासमोरून जातानाची. माझ्याबरोबर चालायला मागे वळलास, तर मला थोडे दिवस बरं वाटेल आणि तू कोमट होशील. कदाचित मी चुकतही असेन. माणसं म्हणजे काही नळ्या नव्हेत. रिकाम्या घरात एकाचाच चहा टाकताना माझाही यावर विश्वास राहत नाही. तरी तू जावंस."

शिष्य म्हणाला, "पण सर, ते सांडपाणी शेवटी गार होऊन गटारातच जातं."

"जातं. पण कढत जायचं, तेव्हा ते वाया जायचं."

शिष्याने पाना पुसून ठेवला. मग म्हणाला, "उद्या होकार कळवतो."

गुरूंनी मान हलवली. चौकात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिष्य दिसेनासा होईपर्यंत गुरू तिथेच उभे राहिले. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही, आणि गुरूंना तेच हवे होते.