शेंगेवर पडली चप्पल

एक होती खारुटली. एवढीश्शी. शेपूट तेवढं मोठ्ठं. तिला मिळाली एक शेंग. दिवसभरात एकच, बरं का! तिनं ती दारात ठेवली आणि जरा अंग खाजवलं.

तेवढ्यात त्या घरातली छोटी शेवू आली खेळून. शेवूला एक वाईट खोड. चप्पल काढायची नाही, उडवायची. तिनं पाय झटकला. फट्याक! चप्पल पडली शेंगेवर.

खारुटलीनं ढकललं. चप्पल हलते कुठली? पोटात तर कावळे ओरडतायत.

"चपले चपले, सरक गं बाई."

"मी कशी सरकू? उडवलं कुणी, तिला सांग."

टुणुक टुणुक खारुटली गेली शेवूकडे. शेवू बसली होती अंगठा चोखत. चुटुक चुटुक.

"शेवू शेवू, चप्पल उचल.
चप्पल जागची हलेना,
मला माझी शेंग मिळेना."

शेवू म्हणाली, "हात कुठे रिकामाय? बाहुली आण, मग अंगठा काढीन."

बाहुली होती लाल्या कुत्र्याच्या तोंडात. कचाकचा चावत होता मेला.

टुणुक टुणुक.

"लाल्या लाल्या, बाहुली सोड.
शेवू अंगठा काढेना,
चप्पल जागची हलेना,
मला माझी शेंग मिळेना."

लाल्या म्हणाला, "दात शिवशिवतात. भाकर आण, मग बाहुली सोडीन."

आई होती चुलीपाशी. फू फू करून दमली होती.

टुणुक टुणुक.

"आई आई, भाकर थाप.
लाल्या बाहुली सोडेना,
शेवू अंगठा काढेना,
चप्पल जागची हलेना,
मला माझी शेंग मिळेना."

आई म्हणाली, "चूलच पेटत नाही गं. वाळकी काटकी आण, मग भाकर थापीन."

टुणुक टुणुक खारुटली गेली कडुलिंबाकडे. बिचारीचे पाय दुखायला लागले.

"लिंबा लिंबा, काटकी दे.
आई भाकर थापेना,
लाल्या बाहुली सोडेना,
शेवू अंगठा काढेना,
चप्पल जागची हलेना,
मला माझी शेंग मिळेना."

आता हा काय मागतोय, म्हणून खारुटली बघत राहिली.

लिंब म्हणाला, "घे की. मला द्यायचीच सवय." सळसळ सळसळ. पडली काटकी.

मग काय! काटकीनं चूल पेटली. आईनं भाकर थापली. थप थप थप. भाकर मिळाली, लाल्यानं बाहुली सोडली. बाहुली मिळाली, शेवूनं अंगठा काढला. तिनं चप्पल उचलली.

खाली शेंग! खारुटलीनं फोडली. कुटुकुटु खाल्ली. पोटोबा खूश.

दुसऱ्या दिवशी शेवू आली खेळून. पाय झटकणार, तोच खारुटली दिसली. दोन्ही हात डोक्यावर धरून बसलेली. शेवूनं पाय खाली घेतला. एक चप्पल इथे. दुसरी तिच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशीही तसंच. आता तर शेवू विसरते, पण तिचे पाय विसरत नाहीत.

शेंग गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात. बघू, तुमच्या चपला कुठायत?