साळुंकीची डोकावायची खोड

समुद्र आणखी जवळ होता, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या साळुंकीला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची भारी खोड. शेजारची कुर्ली खेकडीण चिडायची, "अगं, स्वतःचं घरटं बघ की!"

एकदा उधाणाचं पाणी काठावर चढलं आणि सगळीकडे चिखल पसरून ओसरलं. कुर्लीची पिल्लं बिळात अडकली. डोंगरावरून घुशी मदतीला धावल्या, पण उकरायचं कुठे? कुर्लीलाच दार सापडेना.

साळुंकी उंडीच्या फांदीवर बसली. "माझ्या चोचीखाली सरळ उकरा. इथूनच रोज बघायचे मी."

"लाज नाही वाटली?" घूस हसली.

"ती नंतर वाटून घेईन, आधी उकरा!"

पिल्लं एकेक करत बाहेर आली.

नवं बीळ करताना कुर्लीने आधी विचारलं, "साळुंकीबाई, फांदीवरून दार नीट दिसतंय ना?"