शेवटचं अक्षर

बोरगावच्या वाचनालयात कुणी फिरकेना, तेव्हा तिथली तरुण ग्रंथपाल केतकी खांबेटे हिनं रोज एका पुस्तकाची रील करून इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात केली. वर्षभरात वाचकांची अशी रीघ लागली, की वार्षिक सभेला सभागृह खचाखच भरलं.

शाबासकी राहिली बाजूला. त्याच भरल्या सभेत अध्यक्ष तात्यासाहेब माइकवर कडाडले, "कामाच्या वेळेत मोबाइल? हे थेर बंद! उद्यापासून या बाईंना कामावरून काढलंय. काय म्हणतात यांच्या पिढीला? जेन झी! झी म्हणजे शेवटचं अक्षर, म्हणून जागाही शेवटच्या रांगेत. आम्ही पहिल्या अक्षराची माणसं!"

पुढच्या रांगेतले कार्यकारिणीचे सदस्य खो खो हसले. केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शेवटच्या रांगेतून उठली.

"तात्यासाहेब, मराठी वाचनालय आहे, अक्षरं मराठीत मोजा. आपलं शेवटचं अक्षर ज्ञ. ज्ञ ज्ञानाचा."

"बरं, मग?"

"आणि पहिलं अक्षर अ. तो 'अ' ज्ञानाच्या आधी खुर्ची अडवून बसला, की काय होतं, ते जरा माइकवरून सांगा."

तात्यासाहेबांनी घाईघाईनं माइक बंद केला. पण मागच्या रांगांना माइक लागलाच नाही.

"अज्ञान!"