पहिला अंगठा, पहिली जागा

एका गावात, म्हणजे नाशकात, पण ते आता स्वतःला गाव म्हणवून घेत नाही, तर तिथे एक भोळा माणूस राहत होता. नाव वामन आहेर. वय बावन्न. नोकरी पाटबंधारे खात्यात, जेवण खानावळीत, लग्न नाही. कोणी करून दिलं नाही, आणि आपण होऊन करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लगेच केलं असतं. सांगितलेलं ऐकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याच्या कॉलनीत पन्नाशीच्या आसपासच्या लोकांचं एक मंडळ होतं. वामन धरून माणसं सतरा. पोरं शिकायला बाहेरगावी गेलेली, रविवार अंगावर येणारा, म्हणून हे सगळे मिळून सहली काढायचे, नाटकाला जायचे. अध्यक्ष प्रमिलाताई शिरोडे. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि घरी येतानाही शाळा बरोबर घेऊन यायच्या. सहली सगळ्यांना हव्या होत्या, त्या ठरवण्याचं काम कोणालाच नको होतं. म्हणून ते वामनला दिलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने शिट्टी विकत आणली.

मंडळातल्या सुहासिनीबाई भालेराव पेटी शिकवायच्या. त्याही एकट्याच. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यावर येत नसे, म्हणून प्रत्येक निरोप वामन त्यांच्या घरी जाऊन द्यायचा. दारातच उभा राहायचा. त्या ‘बसा’ म्हणाल्या की बसायचा आणि ‘उठा’ म्हणेपर्यंत उठायचा नाही. सुहासिनीबाईंना वाटे, किती मन लावून ऐकतात! त्या ‘उठा’ म्हणायला उशीर करू लागल्या.

पहिली सहल हुरड्याची ठरली. प्रमिलाताईंनी बजावलं, “वामनराव, बस सहाच्या ठोक्याला सुटली पाहिजे. कोणासाठी म्हणून थांबायचं नाही.”

“नाही थांबणार,” वामन म्हणाला.

सहाला दोन मिनिटं कमी असताना मंडळी कोपऱ्यावर दिसू लागली. स्वेटर, कानटोप्या, पाण्याच्या बाटल्या. सहा वाजले. वामनने शिट्टी मारली, बस सुटली. बसमध्ये ड्रायव्हर होता आणि वामन होता. शेतावर पोचून त्याने ग्रुपवर कळवलं, ‘आपण वेळेत पोचलो.’ सतरा जणांचा हुरडा दोघांनी खाल्ला. शेंगदाण्याची चटणी मात्र उरली.

“अहो, माणसं कोण मोजणार?” प्रमिलाताई कडाडल्या. “सतरा डोकी मोजल्याशिवाय बस हलवायची नाही!”

“चुकलं,” वामन म्हणाला. “आता मोजीन.”

सुहासिनीबाई तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, “सांगितलं तेच केलं त्यांनी. असा माणूस आजकाल कुठे मिळतो?”

पुढच्या महिन्यात नाटक होतं. वामनने डोकी मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. बस हलेना.

“कापडणीसांना ताप आहे, ते यायचे नाहीत,” कोणीतरी म्हणालं.

“सतरा म्हणजे सतरा,” वामन म्हणाला आणि खाली उतरला. वीस मिनिटांनी तो कापडणीसांना गोधडीसकट घेऊन आला. कापडणीस विधुर होते आणि स्वभावाने गरीब. त्यांनी ग्लानीत एकदाच विचारलं, “दवाखान्यात चाललोय ना?” त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. रंगमंचावर नायकाचे वडील प्राण सोडत होते तेव्हा कापडणीसांना अशी काही शिंक आली, की वडील दचकून उठून बसले.

प्रमिलाताईंनी कपाळाला हात लावला. “अहो, आधी विचारायचं! कुठलाही कार्यक्रम असो, ग्रुपवर टाकायचा. कोण कोण येणार? ज्याचा अंगठा येईल तो येणार. नाही आला तर त्याला सोडायचं.”

“आता विचारल्याशिवाय काही करणार नाही,” वामन म्हणाला.

आता या ग्रुपची एक खोड होती. तिथे वार, वेळ आणि जागा यापलीकडे वाचायचं कोणीच नाही. काहीही आलं की खाली अंगठा टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. कापडणीस तर सगळ्यांच्या आधी. एकदा कोणाचे तरी मावसकाका वारल्याची बातमी आली, तिलाही त्यांचा अंगठा होता.

त्यातच प्रमिलाताईंचा पन्नासावा वाढदिवस आला. कापडणीसांनी, आता ते बरे झाले होते, वामनला बाजूला घेऊन सांगितलं, “ताईंना अचानक चकित करायचं. त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.”

वामनने ग्रुपवर टाकलं, ‘प्रमिलाताईंना पत्ता लागू न देता त्यांचा वाढदिवस. शनिवार, संध्याकाळी सहा, कॉलनीचा हॉल. कोण कोण येणार?’ दुसराच अंगठा प्रमिलाताईंचा होता.

शनिवारी सगळे हॉलच्या पडद्यामागे लपले. प्रमिलाताईही लपल्या. अर्धा तास सगळे श्वास रोखून उभे.

“कोणाची वाट बघतोय आपण?” प्रमिलाताईंनी हळूच विचारलं.

“तुमची,” वामन म्हणाला. “शू.”

मग एकच गोंधळ झाला. जो तो प्रमिलाताईंची समजूत काढायला धावला. वामनला मात्र भूक लागली होती. फुलांनी सजवलेली एक खुर्ची रिकामी दिसली, तो तिच्यात बसला आणि पहिली बशी त्याने संपवली.

“उठा!” प्रमिलाताई ओरडल्या. वामन उठला. “कार्यक्रम ठरवणाऱ्याने आधी बसायचं नसतं! ज्याने आधी अंगठा दिला त्याला आधी जागा. सगळ्यांचं झालं आणि काही उरलं, तर आपण. कळलं?”

“कळलं,” वामन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आता मंडळातून काढतील, आणि मग रविवारी जायचं कुठे, ही धास्ती त्याला होती.

सगळे गेल्यावर तो एकटाच खुर्च्या रचत राहिला. सुहासिनीबाई थांबल्या. दोन खुर्च्या त्यांनीही उचलल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, “वामनराव, स्पष्टच विचारते. उरलेलं आयुष्य माझ्यासोबत काढाल का? घाई नाही. रविवारी सकाळी नऊला घरी या आणि सांगा.”

वामनला इतकं बरं बावन्न वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्याला ही बाई मनापासून आवडत होती. ‘हो’ अगदी जिभेवर आला होता. तोच त्याला प्रमिलाताईंचे शब्द आठवले, आणि त्याने तो ‘हो’ गिळला.

“विचारून सांगतो,” तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘कार्यक्रम : सुहासिनीबाईंसोबत उरलेलं आयुष्य. रविवार, सकाळी नऊ, त्यांच्या घरी. कोण कोण येणार? पहिला अंगठा, पहिली जागा.’

तासाभरात पंधरा अंगठे आले.

रविवारी नऊ वाजता सुहासिनीबाईंनी दार उघडलं. मोरपंखी साडी, केसांत अबोली, आत चहाचं आधण. दारात वामन होता. त्याच्यामागे जिन्यावर पंधरा माणसं एका रांगेत उभी होती. टोप्या, बाटल्या, एकाच्या हातात चिवड्याचा डबा.

“हे काय?” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“सगळे तयार आहेत,” वामन आनंदाने म्हणाला. “एकानेही नाही म्हटलं नाही.”

“कशाला तयार आहेत?”

वामनने फोन पुढे धरून संदेश मोठ्याने वाचून दाखवला. प्रमिलाताई मटकन पायरीवर बसल्या. कापडणीस रांगेत पहिले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, संदेश स्वतः एकदा वाचला, सुहासिनीबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझी काही हरकत नाही.”

सुहासिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “वामनराव,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही?”

“मी?” वामन समजुतीने हसला. “माझं सगळ्यांत शेवटी. हे पंधरा जण गळाले तर मी आहेच.”

धाडकन दार लागलं. आतून कडी लागल्याचाही आवाज आला.

वामनने रांगेकडे तोंड केलं आणि शिट्टी मारली.

“बाई आवरायला गेल्यात,” तो म्हणाला. “कोणी जागा सोडू नका.”